आगकाड्या नाचल्या त्याची गोष्ट

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवाचून तो दुसरे काही बोलणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती फारशी चुकीची नसते. म्हणूनच पडेगावच्या या व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही यंदाचा विषय कळविला, तेव्हा त्यांनी पत्र दोनदा वाचले म्हणतात. विषय होता अगदी आरंभीच्या कार्टूनपटांची गोडी. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते यंत्रावर उभे राहून आणि सार्वजनिक वाचनालयात बसून. तेव्हा कलेच्या पंडितांप्रमाणे बोलणे आम्हांला साधणार नाही. परंतु काम कोणाच्या हातून होते, आणि ते पुरे झाल्यावर ते हात दिसेनासे का होतात, या प्रश्नात आमची तीस वर्षे गेली आहेत. कार्टूनपटांकडे आम्ही गेलो ते याच वाटेने.

आगपेटी ही आपणां सर्वांच्या ओळखीची वस्तू. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, नाशिकला बिऱ्हाड केलेल्या एका गृहस्थांनी पडद्यावर आगकाड्या नाचविल्या. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचे एक छोटेसे चित्र केले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. त्यात नट नाही, नटी नाही, राजवाडा नाही. काड्या आपोआप हलतात, एकत्र येतात, आकार धरतात, एवढीच काय ती मौज. आपल्या देशातील सचेतन चित्रपटाचा आरंभ शोधू लागले, की बोट या काड्यांपाशी येऊन थांबते.

काडी आपोआप हलते म्हणजे काय? यात मंत्र नाही आणि दोराही नाही. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचे. काडी गव्हाच्या दाण्याएवढी सरकवायची, दुसरे चित्र घ्यायचे. पुन्हा सरकवायची, पुन्हा घ्यायचे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे. दांड्याचा एक फेरा केला, की सर्वसाधारणपणे आठ चित्रे उतरत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. अशा चमत्काराच्या कामासाठी मात्र एका फेऱ्याला एकच चित्र उतरावे अशी योजना करीत. आता हिशेब करू. मिनिटाला ९६० चित्रे झाली. प्रत्येक मांडणीची दोन-दोन चित्रे घेऊन काटकसर केली, तरी मिनिटभराच्या नाचाला ४८० मांडण्या हव्यात. काड्या सहाच धरल्या आणि प्रत्येक वेळी सर्व हलविल्या, तर एका मिनिटात २,८८० वेळा माणसाचा हात काडीला लागला. पण पडद्यावर तो हात एकदाही दिसत नाही. दोन चित्रांच्या मध्ये तो येतो, काम करतो आणि निघून जातो.

एवढे ऐकून कोणी विचारील, की चित्रे तर स्थिर. मग हालचाल येते कोठून? जुन्या पुस्तकांत सांगत, की डोळ्यांत पहिली प्रतिमा क्षणभर रेंगाळते आणि तिच्यावर दुसरी येऊन बसते. आज शास्त्रज्ञ म्हणतात, की एवढ्याने उलगडा होत नाही. दोन स्थिती जोडून मधली चाल कल्पिण्याचे काम मुख्यतः मेंदू करतो. म्हणजे अर्धे काम टेबलापाशी बसलेला कारागीर करतो आणि अर्धे खुर्चीत बसलेला प्रेक्षक. पडेगावाहून दौलताबादच्या रस्त्याने वेरूळला जाऊन आलेल्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. कैलास लेण्याच्या भिंतींवर रामायण आणि महाभारत ओळीओळीने कोरलेले आहे. दगड जागचा हलत नाही. आपण एका प्रसंगावरून दुसऱ्यावर नजर नेतो आणि कथा आपल्या डोक्यात चालू लागते. आमच्या जिल्ह्यातील पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची जुनी चित्रेही याच जातीची. चित्रकथी एकेक पान पुढे करी, तोंडाने कथा सांगे, आणि मधली हालचाल ऐकणाऱ्यांवर सोपवी.

ही मधली जागा भरून काढण्याचा खटाटोप फाळक्यांच्या आधीही महाराष्ट्रात झाला होता. १८९२ च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांना हाताशी धरून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे: दिव्याचा उजेड, भिंग, आणि काचेवर हाताने रंगविलेली चित्रे. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर काढून त्या झपाट्याने बदलल्या, की पडद्यावरचे पात्र हालचाल करीत आहे असा भास होई. योगायोग असा, की त्याच १८९२ साली, ऑक्टोबरच्या २८ तारखेस, पॅरिस येथे एमिल रेनो नावाच्या गृहस्थाने हाताने रंगविलेल्या चित्रांच्या लांब पट्ट्या फिरवून असाच खेळ लोकांपुढे मांडला. कल्याण कोठे आणि पॅरिस कोठे! परंतु काचेवर कुंचला टेकविणाऱ्या माणसाची हौस दोन्हीकडे एकच.

फाळक्यांकडे वळू. हा माणूस चित्रकला शिकलेला, छायाचित्रणाचा आणि छपाईचा धंदा केलेला, आणि जादूगारही होता. जादूच्या प्रयोगांसाठी त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. फाळके हीच अक्षरे, उलटी. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन परतल्यावर ‘हरिश्चंद्रा’ला भांडवल हवे होते, आणि सिनेमा हा धंदा होऊ शकतो यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा तिच्यासमोर रोवला. महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले आणि नंतर ते सलग दाखविले. पाहणाऱ्यांसमोर मातीतून कोंब फुटला, वाढला, वेल झाला. या वाटाण्याने फाळक्यांना भांडवल मिळवून दिले. काडी आणि वाटाणा यांत फरक एवढाच, की वाटाणा वाढविण्याचे काम निसर्ग करीत होता. फाळक्यांनी फक्त मधला वेळ गाळला. काडीच्या बाबतीत त्यांनी स्वतःचा हात गाळला. जादूगार हात लपवितो तो प्रेक्षकांच्या देखत. येथे मात्र हात खरोखरच टेबलावरून उचललेला असतो.

आणि फाळक्यांच्या घरात हात एकट्या फाळक्यांचे नव्हते. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम काळोखात बसून करावे लागे. ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. चित्रण चालू असता उन्हाचा उजेड नटांवर परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत, आणि कंपनीतील मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. फाळक्यांचा पुतळा उभारताना आपण सरस्वतीबाईंची आठवण ठेवत नाही. आमच्या चळवळीतही हेच होते. मोर्च्याच्या पुढे आम्ही असतो. संपाच्या तिसऱ्या महिन्यात घर चालविणारी बाई छायाचित्रात नसते.

आता गोडीचा प्रश्न. १९०८ साली फ्रान्समध्ये एमिल कोल या व्यंगचित्रकाराने ‘फँटास्मागोरी’ नावाचे चित्र केले. लांबी दोन मिनिटांहून कमी, आणि त्यासाठी सुमारे सातशे रेखाटने. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेली चित्रे त्याने छापताना उलटी ठेवली, म्हणून काळ्या फळ्यावर खडूने काढल्यासारखी दिसतात. त्यात एका वस्तूची दुसरी होते, दुसरीची तिसरी होते, आणि कशाचेच कोणाला आश्चर्य वाटत नाही. आरंभी तर कोलचा स्वतःचा हात येऊन बाहुले काढून देतो. याच कोलने त्याच वर्षी आगकाड्यांचेही एक चित्र केले होते. १९१४ साली अमेरिकेत विन्झर मॅके याने ‘गर्टी’ नावाची अजस्र प्राचीन प्राणीण पडद्यावर चालविली. त्या वेळी पारदर्शक पत्र्यांची युक्ती प्रचारात आली नव्हती. म्हणून प्रत्येक चित्रात गर्टीबरोबर मागचे डोंगर आणि पाणीही नव्याने काढावे लागे. जॉन फिट्झसिमन्स नावाचा तरुण मदतनीस हजारो वेळा तेच डोंगर गिरवीत बसला होता. कोणाचाही हात हजार वेळा अगदी तीच रेघ काढू शकत नाही. केसभर इकडे, केसभर तिकडे होतेच. म्हणून पडद्यावर ते डोंगर थरथरतात. दूध उतू जाण्याआधी जशी साय हलते, तशी ती रेघ हलते.

आमच्या मते त्या जुन्या चित्रांची विलक्षण गोडी या थरथरीत आहे. आजच्या गुळगुळीत कार्टूनमध्ये अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस दिसतो आणि वाऱ्यावर हलतो. ते काम सोपे नाही. तेथेही माणसे रात्री जागवितात. पण ते पाहताना आपण अस्वल पाहतो. मॅकेचे डोंगर पाहताना डोंगरही पाहतो आणि ते काढणाराही. हात चित्रातून काढून टाकला होता, पण तो पुरता गेला नाही, रेघेत उरला. हिमरूची शाल विणणारा कारागीर एकेक धागा टाकतो आणि कापड निघाल्यावर धागा मोजायला कोणी बसत नाही. पण हातमागाचे कापड बोटांना कळतेच.

हे आम्ही केवळ वाचून बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात युनियनच्या कचेरीत वाळूजच्या कारखान्यांतील सात-आठ तरुण कामगार बसले होते. त्यांना आम्ही फाळक्यांच्या काड्यांची गोष्ट सांगितली. एकाने खिशातला मोबाइल विटांच्या चळतीवर पालथा ठेवला, दुसऱ्याने आगपेटी रिकामी केली, आणि काड्यांचा मोर्चा काढायचे ठरले. पेटीतून काड्या एकामागून एक बाहेर येतात, रांग धरतात आणि वळून पेटीलाच घेराव घालतात, एवढाच प्रसंग. ९६ छायाचित्रे घेतली. सेकंदाला सोळा या हिशेबाने चित्र झाले सहा सेकंदांचे, आणि वेळ गेला अडीच तास. पंखा लावला तर काड्या उडत, बंद केला तर घाम काड्यांवर पडे. शेवटी सर्वांनी पाहिले, तो मध्येच एका चित्रात कोणाचा तरी अंगठा राहून गेलेला! एका सेकंदाचा सोळावा भाग. पण डोळ्याला खुपलाच. करणारा पोरगा ओशाळला, ते चित्र काढून टाकू म्हणाला. बाकीचे म्हणाले, राहू दे. पुन्हा पुन्हा लावून पाहिले ते त्या अंगठ्यासाठीच. वेल्डिंगने डागलेला तो अंगठा कोणाचा, हे सर्वांनी ओळखले होते.

येथे आम्हांला आमची स्वतःची एक जुनी गोष्ट आठवते. पंचविशीत असताना आम्ही एका कारखान्यात प्रेसवर होतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. एके दिवशी एक साहेब हातात सेकंदकाटा घेऊन आमच्या बाजूला उभे राहिले. उचलणे, ठेवणे, दाबणे, काढणे, असे आमच्या कामाचे तुकडे पाडून त्यांनी कागदावर लिहिले. मग म्हणाले, हात येथून येथे जाताना तुमचे दोन सेकंद फुकट जातात. पुढच्या महिन्यात उत्पादनाचा आकडा वाढला. मजुरी होती तेवढीच राहिली. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की अमेरिकेत फ्रँक गिल्ब्रेथ आणि त्यांच्या पत्नी लिलियन यांनी १९१० नंतरच्या दशकात हेच काम सिनेमाच्या कॅमेऱ्याने केले. कामगारासमोर घड्याळ ठेवायचे, त्याचे चित्रण करायचे आणि एकेक चित्र तपासून कोणती हालचाल गाळता येईल ते पाहायचे. म्हणजे ज्या वर्षांत फाळके एकेक चित्र जोडून निर्जीव काडीत जीव घालीत होते, त्याच वर्षांत त्याच यंत्राने जिवंत माणसाची हालचाल तुकड्या-तुकड्यांनी मोजली जात होती. यंत्राचा दोष नाही. कमी श्रमात काम होत असेल तर आमचाही विरोध नाही. प्रश्न एवढाच, की वाचलेले दोन सेकंद कोणाच्या पदरात पडतात?

कार्टूनच्या धंद्यातही हा प्रश्न आलाच. १९१४ साली अमेरिकेत अर्ल हर्ड याने पारदर्शक पत्र्यावर पात्रे काढण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. पार्श्वभूमी एकदाच काढायची आणि तिच्यावर पात्रांचे पारदर्शक पत्रे बदलीत राहायचे. डोंगर थरथरायचे थांबले. श्रम वाचले, आणि कामाची वाटणी झाली. मुख्य चित्रकार हालचालीच्या दोन टोकांची चित्रे काढी, मधली चित्रे दुय्यम चित्रकार भरी, शाईची रेघ तिसरा ओढी, रंग चौथा भरी. शाई आणि रंग या खात्यांत बहुतेक मुली असत. कारखाना तयार झाला. आणि कारखाना आला तेथे युनियन आली. १९३७ साली न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओत संप झाला. १९४१ च्या मे महिन्यात वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओतील चित्रकार संपावर गेले. आर्ट बॅबिट हे तेथले नामांकित चित्रकार, पगारही भक्कम. परंतु मधली चित्रे भरणाऱ्यांच्या आणि रंग देणाऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले म्हणून त्यांना काढून टाकले होते. संपाच्या मागण्यांत पगार होता, तसाच नावाचाही प्रश्न होता. त्या काळच्या डिस्नेच्या छोट्या चित्रांवर मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत येई. ज्यांनी उंदीर चालविला आणि बदक चिडविले, त्यांचे येत नसे. संपाअखेर मालकाला युनियन मान्य करावी लागली.

आपल्याकडे हे काम पुढे कसे गेले, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९३४ साली कलकत्त्यात न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचे ‘द पी ब्रदर्स’ हे कार्टून काढले. ‘पी’ म्हणजे वाटाणा; येथेही वाटाणाच! त्याच साली पुण्यात प्रभात कंपनीने रघुनाथ केळकर यांच्या हातचे ‘जंबूकाका’ काढले; जंबूक म्हणजे कोल्हा, तेव्हा काका कोण ते नावातच आले. पुढे सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचे स्वतंत्र खाते झाले. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली येऊन आपल्या मुलांना शिकवू लागले, आणि त्या उमेदवारीतून १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हे चित्र निघाले. पुढे मोठे नाव मिळविलेले राम मोहन याच शाळेत तयार झाले. त्याची कथा जातकातील, आणि चित्रांची धाटणी आमच्या जिल्ह्यातील अजिंठ्याची. राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एका हरणाने पाळीपाळीने मान द्यायची असा करार झालेला असतो. एक दिवस पाळी येते गाभण हरणीची. तेव्हा कळपाचा नायक स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा ओशाळतो आणि सर्वच हरणांना अभय देतो. पुढारीपण कशाला म्हणावे, यावर आम्ही पुष्कळ भाषणे ऐकली आणि केली. इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेले आठवत नाही.

आमच्या लहानपणी जत्रेतल्या तंबूत मोठ्या सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची अशी छोटी चित्रे लागत. मोठी माणसे तेवढ्यात विडी ओढून येत. आम्ही पोरे मात्र पुढे मातीत बसून बचतीचा किंवा लहान कुटुंबाचा उपदेश डोळे फाडून पाहत असू, कारण तो उपदेश करणारा माणूस रेघेचा होता आणि त्याचे डोके मध्येच फुग्यासारखे फुगे.

‘आगकाड्यांची मौज’ मात्र आज कोणालाच पाहता येत नाही. ती फिल्म उरलेली नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म काडीसारखीच पेट घेई. शिवाय तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे भंगारात जात. पॅरिसच्या रेनोने तर सिनेमा आल्यावर धंदा बुडाला म्हणून निराशेने आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने फाळक्यांचे जे काही उरले होते ते गोळा केले, म्हणून ‘कालिया मर्दन’ आणि ‘हरिश्चंद्रा’चे तुकडे तरी आपल्याला दिसतात. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच जुन्या प्रभातच्या आवारातील नायट्रेट फिल्मचा साठा आगीत गेला. मालकाच्या तिजोरीची जितकी काळजी घेतात, तितकी कामाची घेत नाहीत, हे आम्ही कारखान्यांत पाहिले. कलेतही निराळे नाही.

आता मधली चित्रे भरण्याचे काम संगणक करू लागला आहे, आणि पुढे तो टोकांची चित्रेही काढील असे म्हणतात. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतील तरुण कारागीर याच चिंतेत आहेत, जशी एके काळी हातमागाच्या विणकराला होती. यंत्र येऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही यंत्रावरच वाढलो. पण ज्यांच्या हातची लाखो चित्रे पाहून यंत्र शिकले, त्यांची नावे आणि त्यांचा वाटा विचारण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही.

श्रोत्यांना दोनच विनंत्या करून आम्ही थांबतो. घरी मुलाच्या जुन्या वहीच्या सोळा पानांच्या कोपऱ्यांत एक माणूस काढावा, प्रत्येक पानावर त्याचे पाऊल किंचित पुढे, आणि पाने भराभर सोडावीत. तो एक सेकंद चालेल. आणि त्या सेकंदाला किती वेळ लागतो ते मुलाला कळेल. दुसरी विनंती अशी, की सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावांची लांब यादी वर सरकू लागते, तेव्हा लगेच चपला शोधू नयेत. ती यादी म्हणजे आमच्या पोराच्या त्या चित्रात राहून गेलेला अंगठा आहे. तो पाहून मग घरी जावे.